कण्हेरीच्या दोन फांद्या

वाशीम, मार्च १९५५, मंगळवार, दिवेलागण

वासरू कण्हेरीला तोंड लावू लागलं म्हणून सकाळी झाड मुळासकट उपटलं. पुस्तकात वाचलं होतं, तिचं पान जनावराच्या जिवावर बेततं. उपटलेल्या फांद्या अंगणाच्या काटेरी कुपाच्या खिंडारात खोचल्या आणि रिठदच्या सभेला गेलो. वाळलेलं पानही तितकंच विषारी, हेसुद्धा वाचलं होतं. मग खोचल्या कशाला? घाई, दुसरं काय.

परतलो तर शेजारची सखूबाई कुपापाशी उभी.

"भाऊ, रागावू नोका. माह्या बकरीनं तुमच्या कुपाचा पाला खाल्ला. सभेत बोलता तसं तिलेच दोन शब्द सुनवा, माहं तर आयकतच नाही."

कण्हेरीच्या दोन फांद्या पानांवाचून पार उघड्या पडल्या होत्या. मी म्हणालो, "असू द्या." आणि घरात आलो.

सभेत दीड तास सरकारला जाब विचारला, आणि 'पाला विषारी आहे, चूक माझी' एवढं एका बाईला सांगता आलं नाही. तिच्या घरी दूध त्या एकाच बकरीचं. थोडंच खाल्लं असेल कदाचित. पण दोन फांद्या म्हणजे थोडं कसं?

आत्ता कुपापलीकडून सखूबाईचा आवाज आला, "आज काहून खाऊन नाही राह्यली वं?"

सायकल काढून गुरांच्या डॉक्टरला आणतो. तो आल्याबरोबर विचारेल, काय खाल्लं? त्याआधी तिला माझ्याच तोंडून कळलं पाहिजे. आधी तिच्या दारात जातो.