'महत्त्वाचे' नावाचा टॅग

केडगाव, मंगळवार संध्याकाळ

आज पहिलीतल्या सायलीची आई वर्गाच्या दारात आली. सायली अडखळत बोलते. "बाई, पोरं हसत्यात तिला. आता ती तोंडच उघडत न्हाई. मोबाईलवर काय सराव असंल तर द्या ना." मी म्हटलं, लगेच देते. बोलण्याच्या सरावाची चांगली लिंक मीच ठेवली होती, आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या, सगळ्या शिक्षकांच्या सामायिक बुकमार्क यादीत. प्रत्येक लिंकला विषयाचा टॅग लावायचा, हा हट्टही माझाच.

शोधायला गेले तर सगळंच 'महत्त्वाचे' या टॅगखाली. परिपत्रकं, रांगोळ्या, कुणाच्या तरी भाचीचा नाच! टाकताना बघतात तरी का हे लोक? मी स्क्रीन सरकवतेय, ती माऊली उभीच. शेवटी तीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, उद्या येते."

घरी येऊन यादी तळापर्यंत पाहिली. त्या शेकडो नोंदींच्या ढिगात सराव काही सापडला नाही. सगळ्यात जुनी नोंद मात्र दिसली. तीही 'महत्त्वाचे'. माझीच. घाईत लावलेला टॅग, नंतर नीट करू म्हणून.

उद्या तिला काय सांगू?