मुकादमाची खडी

…मग मुकादमाला त्याच्याच पाण्यासकट बादलीत ठेवलं, वर ताट झाकलं आणि बाह्या सारून तुझ्या माशाच्या टाकीतली खडी उपसायला घेतली.

तीर्थरूप दादा, सुरुवात मधूनच झाली. नमस्कार राहिला, तो आता घालतो. ऑपरेशन केलेला डोळा कसा आहे? ठणका कमी झाला का? महिनाभर वाचायला बंदी आहे असं कळलं, म्हणून हे पत्र चिमी तुला वाचून दाखवेल. (चिमे, एक काम कर. कंसात आहे ते मोठ्याने वाचू नकोस. बापाच्या डोळ्यावर ताण नको.) फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं "बरं" म्हणालास तरी मला घाम फुटतो. आपले जावईबापू उद्या सकाळी चिमीकडे परत निघताहेत, त्यांच्या हाती पत्र देतो.

सख्खा भाऊ दोन गल्ल्यांवर राहत असताना तू आजवर घराची किल्ली शेजारच्या शिंप्याकडे ठेवत आलास. मी त्याबद्दल कधी बोललो नाही. (तुझी काकू बोलते. रोज बोलते.) या खेपेला किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालास, "मासा सांभाळ, एवढंच." तुला ते साधं वाटलं असेल. मी ती किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतो.

तर खडी. तुझी यादी दोनदा वाचली. चौथं कलम : खडी बदलणे, एका वेळी चौथाईच, बाकीची पंधरा-पंधरा दिवसांनी. सुरुवात त्याप्रमाणेच केली. (चौथाईला पोचलो आणि हात थांबेना. तीस वर्षं लोकांच्या घरी फरश्या बसवतोय, चिमे. चौथाई जमीन कोणी बदलत नाही. सांधा दिसतो, उंची चुकते, गिऱ्हाईक तोंडावर बोलतं. मला वाटलं, दादाची कंबर धरते म्हणून त्याने कामाचे चार तुकडे केले असतील. सगळी काढली. बुळबुळीत होती, म्हणून उकळत्या पाण्याने धुऊन गच्चीत वाळत घातली. फिल्टरमधला स्पंज काळा होता. तोही उकळत्या पाण्यातून काढला. पाणी कडेपर्यंत नवं भरलं.)

नवी खडी कपाटात होतीच. ती अंथरली, थापीने हलकी दाबली, पाणसळ लावून पातळी पाहिली. मोरीला देतो तसा पुढच्या काचेकडे बोटभर ढाळ दिला. पाणी बशीवरून ओतलं, एक खडा हलला नाही. असा तळ कुठल्या माशाच्या नशिबी आला नसेल. मुकादमालाही कौतुक आहे. सारखा वर येऊन मला भेटतो.

(तो भेटायला येत नव्हता, हवा गिळायला येत होता. चौथ्या दिवशी पाणी पिठाच्या पाण्यासारखं पांढरं झालं. मी शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेलो. त्याने विचारलं, "किती खडी काढलीत?" म्हटलं, सगळी. "आणि स्पंज?" म्हटलं, धुतला, साबणाने नाही हो, नुसत्या उकळत्या पाण्याने. तो हातातली जाळी ठेवून स्टुलावर बसला. "काका, त्या बुळबुळीतच जीव होता. माशाची घाण खाणारे बारीक जंतू त्यातच राहतात. तुम्ही एका दुपारी सगळे शिजवलेत." मी म्हटलं, दिसत तर नव्हते. तो म्हणाला, "दिसले असते तर मोजून मारले असतेत."

पण माणूस भला. त्याने आपल्या टाकीतला घाणेरडा स्पंज पिशवीत घालून दिला. सांगितलं, हा तुमच्या पाण्यात पिळा, रोज तिसरा हिस्सा पाणी बदला आणि खायला अगदी थोडं घाला. चिमे, तीस वर्षांत पहिल्यांदा मी स्वतः बसवलेल्या जमिनीवर स्वतःच्या हाताने काळं पाणी ओतलं. तुझी काकू दारात उभी होती. म्हणाली, "लोकांच्या जमिनी उखडून पोट भरलं नाही, म्हणून माशाच्या पायाखालची काढलीत." माशाला पाय नसतात, असं म्हणायचं होतं. दुसरी बादली आणायला गेलो. आज सहावा दिवस. रोज बादल्या वाहतोय. तो अजून वरच आहे. हा कंस फार लांबला, आता मिटवतो.)

एकंदरीत सगळं क्षेमकुशल आहे. प्रकृतीला जप. डोळ्यात औषध वेळेवर घाल आणि तो चोळू नकोस. चिमीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : डॉक्टरांनी महिना सांगितला असेल तर दीड महिना राहा. घाई करू नकोस. डोळ्यासाठीच म्हणतोय.

ता. क. दुसरा : वरचं सगळं पुन्हा वाचून पाहिलं. कंस काढले तर पत्रात बशी तेवढी खरी उरते. चिमे, सगळे कंस मोठ्याने वाच, काकूचं बोलणंसुद्धा. दादा, हे सगळं ऐकल्यावर तू "बरं" म्हणशील ते मला इथे ऐकू येईल. तरी एक मागतो. मुकादम जगो न जगो, पुढच्या खेपेला किल्ली शिंप्याकडे देऊ नकोस. यादीत "चौथाई" असेल तर चौथाईच काढीन.

सकाळचे सात : पाणी अजून धुरकट आहे. मुकादम तळाशी गेला आहे. पुढच्या काचेजवळची खडी उकरून त्याने वाटीएवढा खड्डा केला. चार दाणे टाकले, चारही खाल्ले. जावईबापू दारात उभे आहेत.