जंगलाच्या हवेची वही

३ नोव्हेंबर १९३८
कार्तिकात आमच्या जंगलावर धुकं उतरतं, ते नेमकं कुठून येतं? मी बी.ए. आहे आणि मला सांगता येत नाही.
पण आता कळेल. राखीव जंगलातल्या बंगल्यापाशी हवामानाची नोंद ठेवणारे कारकून महिनाभर रजेवर गेलेत. रेंजरसाहेबांनी वही माझ्याकडे दिली. रोज सकाळी आठला थर्मामीटर, पर्जन्यमापक, वारा, आकाश पाहायचं. पगार नाही. तेच बरं, सेवा शुद्ध राहते. गावाला शास्त्रीय दृष्टी द्यायची. उद्यापासून पाचला उठणे.

४ नोव्हेंबर
सातला उठले. ५८ अंश फॅरनहाइट. पाऊस नाही. आकाश निरभ्र. फार उन्नत वाटलं.

५ नोव्हेंबर
५७. दवाने पातळ गुडघ्यापर्यंत भिजलं. शिंका.

८ नोव्हेंबर
सर्दी. तीन दिवस गेले नाही. खिडकीतून पाहून लिहिलं. आकाश एकच आहे, ते बंगल्यावरून पाहिलं काय नि इथून काय.

१० नोव्हेंबर, सकाळी नऊ, पांघरुणातून
सोळा तारखेपर्यंतचे रकाने भरून टाकले. ५७, ५८, ५७. निरभ्र. याला फोरकास्ट म्हणतात. मन जरा खातंय. सोमवारपासून नियमित जाणार.

१२ नोव्हेंबर
शेजारच्या मालुबाई आल्या. एकट्या असतात, वर्षाचं पोट त्या एका शेतावर. भात कापून शेतातच वाळायला पसरलंय. गावातले रवळूमामा म्हणाले म्हणे, मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढाय लागल्यात, पेंढ्या बांधून गंजी घाल. मालुबाई म्हणाल्या, "आक्का, तू शिकलेली हाईस. भात अजून वलं हाय. दोन दिस ऱ्हाऊ दे काय?"
मी वही उघडून दाखवली.
"उद्याचं बी लिवलंय व्हय गं?"
हो म्हटलं. त्यांनी वहीला हात लावून नमस्कार केला. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण अंधश्रद्धेला बळ मिळालं असतं.

१४ नोव्हेंबर
काल दुपारपासून पाऊस. अजून पडतोय. वहीत आज निरभ्र.
आमचं भात गंजीत सुरक्षित आहे. आप्पांनी परवाच गुपचूप पेंढ्या बांधून घेतल्या. मला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर
सातलाच बंगल्यावर गेले. पर्जन्यमापकात अडीच इंच. सोळाचा रकाना खोडून तेच लिहिलं. वाटेत मालुबाईंचं शेत. ओंब्यांना मोड आलेत. त्या पाण्यात उभ्या राहून भात उलथत होत्या.
विहिरीवर रवळूमामा मला ऐकू जाईल असं म्हणाले, "मुंग्यास्नी बी.ए.ला बसवा रं, पास हुतील." मालुबाई त्यांच्यावरच उखडल्या. "पोरीची वही बरोबरच आसंल. पाऊस चुकलाय!"
त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी जेवले असते.

१७ नोव्हेंबर
काल संध्याकाळी मालुबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, धक्का बसेल.
म्हणाल्या, "ठावं हाय की. जंगलाची वाट माझ्याच दारावरनं जातीय. धा दिस तू गेलीस न्हाईस."
मग माझं का ऐकलंत?
"मला वाटलं, बी.ए. झाल्यावर जायाच लागत न्हाय."
घरी येऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी पान लावलं. मग विचारलं, "तिचं किती गेलं?" मी म्हटलं, निम्मं तरी. "मग गाडी जुंपू?" मी हो म्हटलं.
सकाळी आठच्या आत वही रेंजरसाहेबांच्या टेबलावर ठेवून आले. ४, ५ आणि १६ तेवढे ठेवले. बाकी सगळे आकडे खोडून पुढे लिहिलं: पाहिले नाही. तिथून मालुबाईंच्या खळ्यावर गेले आणि आमच्या पेंढ्यांची गाडी उतरवून घेतली.