मेंढीच्या गळ्याखालचा हात

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून माझी शहरातून आलेली पत्रं काका ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला ऐकू जातील अशी वाचायचा. त्यामुळे त्यांत खरं असं मी फारसं लिहिलंच नाही. आता काकाही नाही आणि तुला जाऊनही खूप वर्षं झाली, तेव्हा लिहायला बसले आहे.

नवं राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. धामणगावच्या बाजारात मी पिल्लू उचलायला गेले आणि कुत्री मला चावली. चूक माझीच. चार दिवसांत ती पिसाळून मेली, तशी तू वांग्यांची तोडणी टाकून मला एसटीने खामगावला मावशीकडे नेलंस. पोटात चौदा इंजेक्शनं. रोज दवाखान्याच्या वाटेवर मी तुझं लुगडं ओढत भोकांड पसरते आणि तू एक शिवी देतेस, दोनदा कुरवाळतेस. सहाव्या दिवशी तू कंपाउंडरला विचारलंस, "हे औषध काह्याचं असते, भाऊ?"

"मेंढीच्या मेंदूचं, बाई. तिले हाच रोग देतात, मंग मेंदू काढतात."

"अन् मेंढी?"

"ते मरते."

आपल्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. तू माझ्या पोटाकडे पाहिलंस, मग सुईकडे. "टोचा," म्हणालीस. त्या दिवशी मावशीच्या घरापर्यंत रडत तू आलीस, मी नाही.

हिवाळ्यात दरवर्षीसारख्या धनगरांच्या मेंढ्या खतासाठी आपल्या शेतात बसल्या. तू मेथीच्या काड्या घेऊन त्यांच्यात शिरलीस. "माही पोरगी तुमच्यातल्याच एकीनं वाचवली," असं त्यांना सांगत एकेकीच्या गळ्याखाली हळूहळू खाजवत राहिलीस. मेंढी मान सैल सोडून डोळे मिटायची. मलाही शिकवलंस. "आधी हात चोळून गरम कर वं. थंड हातानं ते दचकते."

पुढे मला नोकरी लागली ती नेमकी तीच लस बनवणाऱ्या प्रयोगशाळेत. तू गावभर सांगत सुटलीस. पहिल्या दिवाळीला घरी आले तेव्हा मात्र भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता तू विचारलंस, "काऊन वं, त्या मेंढ्या तुह्या हातून मरतात का?"

"नाही माय. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते."

"मंग बरं हाय," म्हणालीस आणि उठून माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवलास. तो मी खाल्ला.

चिठ्ठ्या दुसरी बाई लावायची. माझं काम मेंढी धरण्याचं होतं. रोगाची सुई देताना ती धडपडायची, चौघांना आवरायची नाही. मी हात चोळून गरम करायचे, गळ्याखाली खाजवायचे आणि ती डोळे मिटायची. साहेब खूश व्हायचे, नव्या लोकांना माझं उदाहरण द्यायचे. मग ते काम कायमचं माझ्याकडेच आलं. त्या बाटल्या आपल्यासारख्याच गावांत गेल्या, माझ्यासारखी पोरं वाचली, त्याची मला लाज वाटत नाही. तू "टोचा" म्हणालीस म्हणून तर मी आहे. पण ती मेंढी माझ्या भरवशावर डोळे मिटायची आणि तो हात तू मला दिलेला होता. हे मला आजवर गिळता आलेलं नाही. आता मेंढीशिवाय लस होते, जुनी बंद पडली. ते कळलं त्या दिवशी मी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून रडले, आणि पोळी करपली.

हा कागद तुझ्या लुगड्याच्या घडीत राहील, पेटीत. एकच राहिलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एकदा मुद्दाम थंड हाताने मेंढी धरली होती. पुढे काय आहे ते निदान तिला कळावं, म्हणून. ती इतकी थरथरली की मी हात काढून घेतले, चोळले आणि पुन्हा तिच्या गळ्याखाली घातले. माय, ते तिच्यासाठी चोळले की माझ्यासाठी, हे मला अजून कळलेलं नाही.