दाण्यावाचून दळण

धुळे, सोमवार, १७ नोव्हेंबर १९५८
पोचले एकदाची! भाऊबीज आटोपून नाशिकहून निघाले आणि एस.टी.ने हाडं पार खिळखिळी केली, पण तक्रार नाही. विद्यापीठाच्या इथल्या लोकगीत-संग्रहात तीन महिने राहायचं, खेड्यापाड्यांतून आणलेल्या ध्वनिफिती ऐकायच्या, गाणी उतरवून घ्यायची आणि शेवटी त्यांच्यातून स्वतःचा एक नवा गीतबंध रचून दाखवायचा. विद्यार्थ्याला अशी संधी पहिल्यांदाच दिली, आणि ती मला! प्राध्यापकांनी नाव वाचलं तेव्हा शेजारच्या मुलांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

मला माडीवर खोली दिली आहे. खाली मोठं दालन. तिथे डफ, पावऱ्या, किंगऱ्या मांडून ठेवल्या आहेत, आणि कोपऱ्यात एक दगडी जातं. सगळं सांभाळतात झुलालनाना. टेपयंत्रही तेच चालवतात. साठीचे आहेत, बोलणं इतकं कमी की शब्दाला शब्द लावायला मलाच जोर करावा लागतो. हवं ते वाजव म्हणाले, फक्त जात्याला हात लावू नको. मीही शहाण्या मुलीसारखी बरं म्हटलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर
आज जात्यावरच्या ओव्या काढल्या. शिरपूरकडची कुणी झुंबरबाई, तीन वर्षांपूर्वीची फीत. काय गळा आहे बाईचा! ऐकता ऐकता माझा चहा गार झाला. ओवी कुठूनही निघो, देवापासून निघो की सासूपासून, शेवटी भावाच्या नावावर येऊन थांबते. इकडची रीतच तशी. तिच्या भावाचं नाव पितांबर.

एक मात्र खटकलं. जात्याचा आवाज कोरडा येतो, दगडावर दगड घासल्यासारखा. दाणे भरडल्याची सळसळ नाहीच. नानांना विचारलं तर ते पाणी प्यायला निघून गेले.

दिगूचं पत्र आलं. तालमीत कुणाला तरी चीत केलं म्हणून दोन पानं नुसती बढाई. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि मी नऊ. वडील, आमचे अप्पा, दिवसभर कामावर; तेव्हापासून त्याचं न्हाणंधुणं, शाळा, दुखणीखुपणी मीच पाहिली. भाऊ कमी, लेकरूच जास्त. मेला पत्राखाली सही मात्र ‘पैलवान’ अशी करतो.

सोमवार, २४ नोव्हेंबर
गीतबंधातली पहिली ओवी रचली:
दळण दळीते बाई, पीठ पडे भुरूभुरू,
माझ्या दिगूच्या वाटेला किती वेळ डोळे धरू.

शब्द जमले, पण ताल काही केल्या बसेना. हाताला ओढ असल्याशिवाय तो बसायचा कसा? दुपारी नाना जेवायला घरी गेले होते. म्हटलं कोण बघतंय, आणि बसले जात्याशी. खुंटा धरला, रिकामंच फिरवलं, म्हणत गेले. अहाहा! काय झक्क बसली ओवी.

नाना दारात कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. चेहरा उतरलेला. त्यांनी एवढंच विचारलं, की कुणाचं नाव घेतलंस? मी सांगितलं. ते तिथेच खाली बसले. मग एकदाचं तोंड उघडलं. झुंबरबाईचं गाणं त्यांनीच घेतलं होतं. यंत्र नवंकोरं, पीठ आत जाईल म्हणून दाणे घालू दिले नाहीत. ती नको नको म्हणत होती. रिकामं जातं फिरवत नाहीत, आणि त्यावर भावाचं नाव तर कधीच घेत नाहीत. हे जातं तिचंच. नंतर तिने ते परत नेलं नाही.

मला हसूच आलं. नाना, ह्या गोष्टी तुम्ही संग्रहात ठेवा, असं म्हटलं. ते हसले नाहीत.

शनिवार, २९ नोव्हेंबर
सकाळी जात्याभोवती पीठ पडलेलं दिसलं. मूठभर असेल. ज्वारीचं नव्हे, बाजरीचं नव्हे. करडं, आणि इतकं बारीक की बोटाला चिकटून बसलं. मी नानांवरच उखडले. मला घाबरवायला हे असले खेळ कशाला? त्यांनी दालनाची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

दिगूचं कार्ड आलं. पायजम्याची नाडी दोनदा आवळावी लागली म्हणे, मेसचं खाणं बंद कर असं अप्पा म्हणतात. वरून थट्टा, की ताई, तू नाहीस म्हणून वाळलो.

गुरुवार, ४ डिसेंबर
किल्ली माझ्या उशाशी, तरी पीठ रोज पडतंय. आज तर दिवसाढवळ्या अकरा वाजता, माझ्या डोळ्यांसमोर जातं आपोआप फिरलं. सावकाश. एक फेर, मग दुसरा.

अप्पांचं पत्र. दिगूचं वजन आठ दिवसांत अठरा पौंड उतरलं. डॉक्टरला काही सापडत नाही. त्याला जिना चढवत नाही. माझ्या दिगूला जिना चढवत नाही!

दोन पायली ज्वारी आणून जात्यात घातली. फिरवलं. दाणे जसेच्या तसे अख्खे बाहेर आले. देवा, मी काय करून बसले?

सोमवार, ८ डिसेंबर
नानांना घेऊन झुंबरबाईच्या गावी गेले. शिरपूरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. तिने मला बसायलाही सांगितलं नाही. आधी विचारलं, तुले भाऊ शे का? आहे म्हणून मी मान हलवली, आणि तिला सगळं समजलं.

तिने सांगितलं ते असं. ओवी दाण्याच्या जिवावर चालते. शेवटचा घास जात्यात पडला की नाव घ्यायचं आणि थांबायचं. दाणाच नसला तर जातं नावच दळतं, आणि ते संपेतो थांबत नाही. पितांबर चाळीस दिवसांत गेला. उचलला तेव्हा तो तान्ह्या लेकराएवढा हलका होता.

उपाय काहीच नाही का, असं मी तिचे पाय धरून विचारलं. एकच आहे म्हणाली. कुणीतरी खुंटा धरायचा आणि त्या नावाच्या जागी आपलं नाव घालायचं. तिला करायचं होतं, पण मांडीवर पोर अंगावर पिणारं होतं. हात उचलला नाही. हे सांगताना ती रडली नाही. मीच रडले.

मंगळवार, ९ डिसेंबर
दिगूला सगळं खरं लिहून टाकलं, ओवी आणि उपायासकट. त्याच्यापासून आजवर कधी काही लपवलं नाही. पत्र पेटीत टाकलं, दालनात गेले, खुंटा धरला. माझ्या कुमुदच्या वाटेला, असं स्वतःचं नाव घालून म्हटलं. जातं हातात जड झालं, मग हलकं झालं.
मला भीती वाटते. फार वाटते.

शुक्रवार, १२ डिसेंबर
बांगड्या हातातून आपोआप गळून पडतात. अप्पांचं कार्ड आलं — दिगू उठून बसला, दोन भाकरी मागून खाल्ल्या. वाचून मी वेड्यासारखी हसत सुटले. खा रे बाबा, खा.

रविवार, १४ डिसेंबर
जिना उतरवत नाही. नाना पेज आणून देतात आणि माझ्याकडे न बघता जातात. खाली घरघर चालूच आहे. लेखणी जड लागते. अक्षर बघवत नाही —

मंगळवार, १६ डिसेंबर
अप्पांची तार. दिगू धुळ्यास निघाला.
का? बरा झाला आहे ना? मग —
माझं पत्र. त्यात मी उपायही लिहिला. मूर्ख, मूर्ख बाई.
नानांना सांगितलं. दालन उघडू नका. ही किल्ली घ्या, विहिरीत टाका. ते हो म्हणाले की नाही —

बुधवार, १७ डिसेंबर
दुपारचे तीन. अंगणात त्याचा आवाज. नानांशी भांडतो आहे. नाना वर जा म्हणताहेत. वर ये रे, आधी वर —
हाक मारते. आवाज फुटत नाही.
कुलूप तोडलं.
खाली घरघर थांबली. पुन्हा सुरू झाली. जोरात. माझीच चाल, गळा दिगूचा. माझ्या नावाच्या जागी त्याचं —
नको. नको रे राजा —
बोटांत ऊब येते आहे. उठून बसता आलं. खाली जाते, हिसकावते तो खुंटा, माझं नाव पुन्हा घालते. पाय जमिनीवर टेकले. हात कापत नाही. अक्षर बघ किती सरळ येऊ लागलं, आणि खाली त्याचा आवाज इतका बारीक का होतो आहे, दिगू, सोड तो, मी आले, मी आ—