फोटोतला तांबडा डोंगर

म्हसवडजवळून,
फेब्रुवारी १९७३

प्रिय जोतीराम,

खुशाली विचारत नाही. मी संतापले आहे. परवा आष्ट्याहून माहेरी आले ती ट्रक घेऊनच. आमच्याकडे उसाची तोड चालू आहे, म्हणून मामंजींनी गुरांसाठी वाढे, उसाचे हिरवे शेंडे, भरून दिले. यंदा इकडे गवताची काडी उरलेली नाही, हे त्यांना आष्ट्यात बसून कळतं, तुला विमानातून कळलं नाही. आबांनी ट्रक दारातून परत लावला. म्हणाले, "माझा ल्योक इमानातनं बगून सांगतुया, डोंगराव चारा हाय. मग वाढं कशाला?" शेवटी शेजारी केरूच्या अंगणात उतरवले.

तू धाडलेला रंगीत फोटो आबांनी देव्हाऱ्याशेजारी लावला आहे. आपल्याला न दिसणारा उजेड त्या कॅमेऱ्याला दिसतो, जिवंत पाला त्यात तांबडा उमटतो, हे तुझ्या पत्रातलं त्यांनी गावभर सांगितलं. आपला डोंगर त्यात तांबडाभडक आहे. असेना, हिरवा आहेच तो. पण कशाने रे? तरवडाने! नवरात्रात घटाच्या माळेला तूच त्या डोंगरावरून तरवडाची पिवळी फुलं परडी भरून आणायचास. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही, म्हणून तर दुष्काळातही आपल्याला फुलं मिळायची. आणि त्या फोटोवरून सरकारी नकाशा करताना तिथेच 'चारा' लिहायला तुझा हात अडला नाही? आभाळात गेलास आणि अंगण विसरलास. एकदा खाली उतरून बघितलं असतंस तर काय बिघडलं असतं?

तुझ्या त्या नकाशावरून गुरांची छावणी बंद झाली. ती पुन्हा उघडा म्हणून गावाने अर्ज केला, त्यावर आबांनी अंगठा दिला नाही. उलट सगळ्यांदेखत आपली गुरं डोंगरावर नेली. आपली चांदी गाय, तुझ्या हातची भाकरी खाणारी, एक दिवस दारात बसली ती उठलीच नाही. आबा तिला पुरून आले आणि पारावर जाऊन पुन्हा तेच म्हणाले, चारा आहे. आता केरू सोडला तर त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

काल दुपारी सगळे दुष्काळी कामावर गेले होते. मी खिडकीशी होते. आबा इकडेतिकडे बघत केरूच्या अंगणात शिरले आणि वाढ्यांची पेंढी घोंगडीखाली दडवून आपल्या गोठ्यात घेऊन आले. ज्या माणसाने कधी दुसऱ्याच्या बांधावरचं गवत उपटलं नाही, तो लेकीने आणलेला चारा चोरत होता. त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक आहे, जोती. तुला खोटं पडू द्यायचं नाही, एवढंच त्यांनी धरून ठेवलंय. मी बोलले तर ते ऐकणार नाहीत. म्हणून तू ये. साहेबाला काय सांगायचं ते सांग, पण आधी आपल्या पारावर उभा राहा आणि माझं चुकलं असं आबांदेखत म्हण.

तुझीच,
आक्का