धोंड्याचा फोन आणि गाण्यावरची अडत

मु. पो. पेडगाव, ता. परभणी

फोन बदलला म्हणून त्याच गाण्याला जास्त दाम मोजायची पाळी आलेल्या तमाम जावईबंधूंनो! (तूर्त आपण दोघेच आहोत, पण चळवळी अशाच सुरू होतात.)

साडूभाऊ उद्धवराव यांना महारुद्रचा, साष्टांग नव्हे, पण कमरेपर्यंत वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? राजेश्रीताईंचं पित्त? परभणीत यंदा कुलरमधलं पाणीच चहाला चालेल असं ऐकतो. आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहितो. तसं ते नाही.

आपला गुन्हा काय? यंदाच्या अधिक महिन्यात आबासाहेबांनी आपल्याला धोंड्याच्या जेवणाला चारठाण्याला बोलावलं, शेजारी शेजारी पाटावर बसवलं आणि अनारशांच्या ताटात दोघांपुढे एकाच रंगाचा, एकाच कंपनीचा महागडा फोन ठेवला. (मला अंगठीची आशा होती. तुम्हालाही होती, डबी उघडताना तुमचा चेहरा मी पाहिला.) सासऱ्याने दोन जावयांत डावं-उजवं केलं नाही, हे त्यांचं थोरपण. पण धोंड्याचं वाण परत करता येत नाही, बदलून आणता येत नाही, आणि वापरलं नाही तर सासुरवाडीला दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणून मी निमूटपणे नवा फोन खिशात घातला. त्याच आठवड्यात गाण्याच्या ॲपची मुदत संपली. नव्या फोनवर ती वाढवायला गेलो, तर ॲपनं पूर्वीपेक्षा जास्त पैसे मागितले! गाणी तीच. गाणारेही तेच, आणि त्यातले बरेचसे स्वर्गवासी, म्हणजे वाढीव मानधन त्यांच्यापर्यंत पोचण्याचाही संभव नाही. चप्पल बदलली म्हणून एसटीच्या कंडक्टरनं तिकीट वाढवावं, तसला हा प्रकार.

मी अभ्यास केल्याशिवाय बोलत नाही. (वेळ कमी असला तर बोलून झाल्यावर करतो.) या फोनच्या पोटात फोनवाल्यांचं स्वतःचं एक दुकान असतं. त्या दुकानातून काहीही घेतलं की मालकाचा हिस्सा ठरलेला, आणि गाणेवाले तो हिस्सा गुपचूप आपल्या डोक्यावर टाकतात. उद्धवराव, धान्याच्या मोंढ्यात या दलालीला अडत म्हणतात! शेतकऱ्याच्या तुरीवर अडत कापत होते, तेव्हा मी तुरीच्या पोत्यावर उभा राहून बोललो होतो. पोतं फुटलं, भाषण थांबलं नाही. तो मी आज भैरवीवर अडत देऊ? अंगठा पुढे केला होता, तो मागे घेतला.

सुदैवानं त्याच सुमारास पोखर्णीला माझं 'वाचनाचे महत्त्व' या विषयावर व्याख्यान होतं. पहिल्या दोन वाक्यांत मी वाचनाला निरोप दिला आणि अडतीवर आलो. शेवटी नरसिंहाच्या देवळाकडे हात करून शपथ घेतली, की या गाणेवाल्यांना माझ्या हातून एक रुपयाही जाणार नाही. सगळ्या सभेनं हात वर केले. असा दृश्य प्रतिसाद मला उभ्या हयातीत मिळाला नव्हता. नंतर चहाच्या वेळी मुंजाजी नावाचे एक गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "साहेब, लय भारी बोललात. पण आमी तर कवाच पैसे दिले न्हाईत. मधी जाहिरात येती, तवा मी तंबाखू मळून घेतो." चौकशीअंती कळलं, की सभेतल्या एकानंही गाण्यासाठी कधी दमडी मोजलेली नव्हती. ज्यांनी कधी दिलंच नाही, त्यांनी यापुढे न देण्याची शपथ घेतली होती. इतका यशस्वी बहिष्कार जगात दुसरा झाला नसावा.

झळ लागली ती घरात. हेमाचं तुम्हाला ठाऊक आहे. पहाटे भाकऱ्या थापताना ती माझा फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि गाण्याबरोबर गाते. भाकरीवरची थाप आपसूक ठेक्यात पडते. मी अंथरुणात पडून ऐकतो, आणि माझा दिवस तिथून सुरू होतो. (पुस्तकांतून सुरू होतो असं मी सभेत सांगतो.) पैसे न भरल्यामुळे आता गाण्यांच्या मध्ये जाहिराती घुसू लागल्या. एका पहाटे एक अभंग संपत आला असताना जाहिरात आली. हेमाचं लक्ष तव्याकडे, गळा मात्र रंगलेला. तिनं त्याच चालीत, त्याच भक्तिभावानं, मूळव्याधीच्या एका दवाखान्याचा सगळा पत्ता आळवला. 'विना ऑपरेशन, विना वेदना' यावर तर अशी हरकत घेतली, की मी अंथरुणातून दाद दिली.

दाद शेजारच्या सुलाबाईंनाही ऐकू गेली असावी. त्या ताकाचं भांडं घेऊन आल्या आणि हळू आवाजात विचारलं, "हेमा, घरात कुणाला हाय गं?" कुणालाच नाही, असं हेमा सांगत होती, तेवढ्यात त्यांची नजर माझ्याकडे गेली. मी संध्याकाळच्या भाषणाचा सराव करत उभा होतो. सुलाबाईंनी मान डोलावली. "तरीच म्हणलं, हे कायम उभ्यानंच का बोलत्यात."

उद्धवराव, एवढं एकच वाक्य! संध्याकाळपर्यंत ते पेडगावभर झालं, दोन दिवसांत तालुकाभर. परभणीतल्या एका कार्यक्रमात माझ्या खुर्चीवर मधोमध भोक असलेली रबरी उशी ठेवली होती. अध्यक्षांनी सांगितलं, की वक्ते अपार वेदना सोसून आले आहेत. मी बसलो तेव्हा सभा कळवळली, उठलो तेव्हा टाळ्या पडल्या. भाषण कुणी ऐकलं नाही, सगळे माझ्या चेहऱ्यावर कळ शोधत होते. आबासाहेबांनी तर मूळव्याधीवर उतारा म्हणून जीपमधून पोतंभर सुरण पाठवला आणि वर निरोप: जावईबापू, लाजू नका.

हे सगळं मी हसून सोसलं असतं. पण त्या पहाटेपासून हेमा गात नाही. "आंदोलन तुमचं, आन् गल्लीत हसं माझं," एवढंच म्हणाली. चहा देते, जेवायला वाढते, भाकरीही तशीच पातळ. फक्त स्वयंपाकघरातून नुसती थाप येते. विरोधकांच्या कुठल्याही मुद्द्याला मी उभ्या उभ्या उत्तर देऊ शकतो. इथं मात्र अंथरुणात पडून थापा मोजतो.

तरीही माघार नाही! तुम्हीही ठाम राहा.

आपला,
महारुद्र

ता. क. तुम्ही ठाम राहिला नाहीत, हे मला कळलं आहे. राजेश्रीताई फोनवर हेमाला सांगत होत्या, की तुम्ही वाढीव पैसे भरून सहा जणांचा कौटुंबिक प्लॅन घेतलात, त्यातली एक जागा ड्रायव्हरला दिलीत आणि एक अजून रिकामी आहे. मी याला फितुरी म्हणणार होतो. मग विचार केला, की इतिहासाकडे व्यापक दृष्टीनं पाहावं.

आणखी ता. क. ती रिकामी जागा मला द्या. माझ्या हातून एक रुपयाही जाणार नाही, अशी माझी शपथ आहे. तुमच्या हातून जाऊ नये असं मी नरसिंहाला कुठं म्हणालो? सगळे एकाच पत्त्यावर राहणारे हवेत अशी अट आहे म्हणतात. मी तुमच्याकडेच राहतो असं ठोकून द्या. कुटुंबप्रमुख म्हणून तुमचं नाव लागेल, तेही मी सोसतो. माझ्यासाठी नाही हो. घर फार शांत झालं आहे.

दाजी, हेमाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडंच दिलंय यांनी, म्हणून वाचलं. ती जागा देऊ नका. यांचा जुना फोन माझ्या कपाटात हाय. ते दवाखान्याचं झालं त्याच दिवशी त्यावर जुन्याच भावात मी पैसे भरलेत. खातं एकच, त्यामुळं नव्या फोनवर बी चालायलंय. हे व्याख्यानाला गेले की मी गाते, सुलाबाई ऐकायला बसतात. यांच्यासमोर गात न्हाई. पोखर्णीला तासभर बोलले, तुमाला एवढं लांब पत्र लिहिलं, पण मला एकदा तोंडानं म्हणाले न्हाईत, की हेमा, गा. तुमी हे वाचलं की यांना फोन लावा आन् तेवढं म्हणायला सांगा.